आप्तभाव

नंदुरबारच्या त्या कार्यालयात
पंखा फिरतो, वारा लागत नाही.
शिपाई म्हणाला, "बठ व बहीन, आत्ते बलावतीन साहेब."
मी बसले. भिंतीला पाठ, दाराकडे तोंड.
कुठेही गेले तरी अशीच बसते मी,
धुळ्याच्या दवाखान्यात रात्रपाळीचा डबा खातानाही,
आणि भरभर,
जणू कोणी ताट ओढून नेणार आहे.

कोणी कधी ओढून नेलं नाही.
माझं तरी नाही.

मांडीवर फाईल. शाळेच्या रजिस्टरची नक्कल,
तिच्यात मी रोहिणी.
रुमली हे मास्तरांना नाव वाटलं नव्हतं.
आणि सगळ्यांत खाली, प्लास्टिकमध्ये, आज्याचा अंगठा.
वकील म्हणाले, हा कागद सोन्यासारखा,
इतका जुना पुरावा कोणाकडे नसतो.

वनगुन्ह्याचा जबाब आहे तो.
नाव: दोहऱ्या. जात: भिल्ल.
मुद्देमाल: सागाचं लाकूड, नांगरापुरतं.

बाप जीपचा आवाज आला की
जेवता जेवता उठून मागच्या कुडातून निघून जायचा.
आम्हाला वाटायचं, बापांची रीतच असते तशी.
काल रात्री कागद लावताना
त्याने त्या अंगठ्यावर बोट ठेवलं
आणि पहिल्यांदा बोलला:
नाक्यावरच्या झाडाला दोन रात्री बांधलं होतं.
मी सात वर्षांचा. भाकर घेऊन गेलो होतो.
त्याने खाल्ली नाही. हात मोकळे नव्हते.
मी भरवायला हवी होती.
मी पळालो.

साठ वर्षं हा माणूस ती भाकर हातात घेऊन पळतोय.

आत तिघं साहेब, एक टंकलेखक.
तुमची देवी कोणती?
होळीला कमरेला काय बांधतात?
माणूस गेल्यावर काय काय करता?
मी सांगत गेले. याहामोगी. वाळलेले भोपळे.
ते बरोबरच्या खुणा करत गेले,
मयताच्या पुढेसुद्धा बरोबरची खूण.

मग म्हणाले, "तुमच्या बोलीत बोला जरा. दोन वाक्यं."

आणि माझा गळा मिटला.

सहा वर्षांची. आश्रमशाळा. नळाची रांग. अंगात ताप.
मी याहा अशी हाक मारली होती, एवढंच.
अधीक्षकांच्या हातात निरगुडीची ओली काठी.
"आई म्हण."
आई, म्हणाले.
नंतर वर्षभर कोणालाच हाक मारली नाही.
सुट्टीत घरी गेले, तिलाही आई म्हटलं,
तर ती मागे वळून बघायला लागली,
कोण आलंय म्हणून.

ज्या सरकारने शब्द काढून घेतला
तेच आता विचारतंय, कुठे ठेवलास?

साहेबांनी घड्याळ पाहिलं.
बाहेर बाकावर बाप, मला दिसत होता,
भिंतीला पाठ, दाराकडे तोंड.

मी त्याच्याकडे बघून बोलले. दोन वाक्यं नाहीत.
दोहऱ्याची अख्खी गोष्ट, आमच्या बोलीत,
साग, दोरी, दोन रात्री, भाकर.
मध्येच शब्द अडायचा
तेव्हा बाप दारातून पुढचा शब्द द्यायचा.
कधी उठून उंबऱ्यात आला, कळलं नाही.
शिपायाने अडवलं नाही त्याला.

टंकलेखकाने हात थांबवले. "साहेब, हे काय लिहू?"
साहेब म्हणाले, "लिहा, बोली अवगत आहे."

निकाल अजून आलेला नाही.

एसटीत बाप झोपला, तोंड उघडं टाकून,
दोंडाईचापासून थेट धुळ्यापर्यंत.
त्याला प्रवासात झोपलेला मी कधी पाहिला नव्हता.

घरी आले. मुलीने ताटं घेतली.
मी भाकर मोडली, तिला भरवली, बापाला भरवली.
तो लाजला. पण खाल्ली.
मग मुद्दाम
दाराकडे पाठ करून बसले.
चार घास सावकाश.
पाचव्याला वळून पाहिलं.

दार उघडंच होतं.
वारा येत होता.